अलंकार ओळखताना खुणेच्या शब्दावर किती विसंबावे?

सांजवात (डिचोली)

गेल्या आठवड्यात माझी भाची दहावीची मराठीची वही घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. बाहेर पावसाने धरले होते, मी सोप्यावर बसून सुपात उकडे तांदूळ निवडत होते, आणि तिने चाचणीतले आपले एक उत्तर मला वाचून दाखवले. ‘पुढील ओवीतील अलंकार ओळखा’ असा प्रश्न होता आणि ओवी फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली, आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असलेली होती :

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखाळा ।
भासा मराठी ॥

तिने ‘उत्प्रेक्षा’ असे उत्तर लिहिले होते, कारण म्हणून ‘की हा उत्प्रेक्षावाचक शब्द आहे’ एवढे एकच वाक्य दिले होते, आणि त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते. चूक मुलीची म्हणता येत नाही. तिच्याजवळच्या मार्गदर्शिकेत दोन याद्या आहेत : सम, समान, सारखा, जैसा, प्रमाणे, परी, तुल्य हे शब्द दिसले की उपमा, जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे, की हे शब्द दिसले की उत्प्रेक्षा. याद्या चुकीच्या नाहीत, मीही वर्गात वर्षानुवर्षे त्या फळ्यावर लिहिल्या आहेत. पण यादी पाठ झाल्यावर मुले ओळ वाचायचीच थांबतात, शब्द शोधतात आणि नाव लिहून मोकळी होतात, हे त्या संध्याकाळी मला फार लागले. म्हणून हा धागा काढत आहे.

मी तिला आधी विचारले, ‘हरळ म्हणजे काय?’ तिला ठाऊक नव्हते. सुपात नुकताच बाजूला काढलेला एक खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हटले, ‘हे.’ मग दोघींनी ओवी पुन्हा वाचली. ‘जैसी’ आणि ‘तैसी’ या जोडीने सारी ओवी बांधलेली आहे, म्हणजे साम्य उघडपणे सांगितलेले आहे. उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती, मराठी भाषा; उपमाने, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ती, दोन : खड्यांमधली रत्नाची झळाळी आणि रत्नांमधला निळा हिरा. साधारण धर्म ‘चोखाळा’ या शब्दात आहे : चोख असणे, अस्सल असणे, उठून दिसणे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द अशी चारही अंगे जिथे हजर असतात तिला शास्त्रात पूर्णोपमा म्हणतात, आणि एकाच उपमेयाला एकामागून एक उपमाने जोडली जातात तेव्हा तिला मालोपमा हे नाव आहे. मग ‘कीं’ इथे काय करतो? तो इथे ‘किंवा’ या अर्थाने आला आहे. ‘जणू काही’ असा भास त्यात कुठेही नाही.

मात्र माझ्या मते खरी गंमत नावापलीकडे आहे. पहिल्या उपमानात इतर भाषा खडे ठरतात आणि मराठी रत्न. कवी तिथे थांबला असता तर ते मायबोलीच्या अभिमानाचे साधे, काहीसे निष्ठुर विधान झाले असते. पण ‘कीं’ म्हणून तो दुसरे उपमान आणतो, त्यात इतर भाषाही रत्ने होतात आणि मराठी त्यांतला हिरा होते. एका अव्ययाच्या अलीकडे इतर भाषांना कवडीचे मोल नाही, पलीकडे त्या मौल्यवान आहेत. इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात आलेला आणि पुढे साष्टीत राहून इथल्या भाषा शिकलेला हा जेज्वीट धर्मगुरू अनेक भाषा जाणत होता; त्याला इतर भाषांना नुसते खडे म्हणवले नसावे असे मला वाटते. १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथातला तो ‘कीं’ म्हणजे कवीने स्वतःच्या पहिल्या उपमेची केलेली दुरुस्ती आहे, असे मी वाचते. ‘उत्प्रेक्षा’ लिहून पूर्ण गुण घेणाऱ्या मुलीच्या हाती यातले काहीच लागले नव्हते.

इथे मराठी शिकवणारी, शिकणारी आणि निव्वळ आवडीने वाचणारी मंडळी आहेत. अलंकार, रस, शब्दशक्ती या संज्ञा तुम्ही कशा समजून घेतल्या, आणि खुणेच्या शब्दाने तुम्हाला कुठे फसवले, हे उदाहरणासह लिहावे अशी विनंती आहे.

जुना मास्तर (फोंडा)

सांजवातताई, दुखण्यावर नेमके बोट ठेवलेत. माझ्या वर्गात एका मुलाने ‘पाऊस सारखा पडत आहे’ या वाक्यात उपमा आहे असे लिहिले होते. ‘सारखा’ म्हणजे इथे ‘सतत’, हे त्याला बोलताना पक्के ठाऊक होते. अलंकार ओळखायला बसला तेव्हा ते तो विसरला.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची आहे. ‘सारखा’ हा शब्द खरोखर साम्य दाखवत असला तरी तिथे अलंकार असतोच असे नाही. ‘रामफळ सीताफळासारखे असते’ या वाक्यात दोन फळांचे साम्य आहे, पण ती माहिती झाली. ‘गाईसारखा गवय असतो’ हे आपल्या शास्त्रकारांचे ठेवणीतले उदाहरण आहे : ज्याने रानातला गवय कधी पाहिला नाही त्याला तो ओळखता यावा म्हणून केलेली तुलना. तिथे ज्ञान होते, चमत्कृती होत नाही, म्हणून तो अलंकार नव्हे. साम्याने मनाला काही सुखद धक्का बसला, वस्तू नव्याने दिसली, तरच उपमा अलंकाराच्या पंक्तीला बसते.

आता एक शंका, आणि ती मी अडवणुकीसाठी काढत नाही. दोन समांतर विधाने शेजारी ठेवलेली आहेत म्हणून काही जण या ओवीला दृष्टान्त म्हणतात. आपण तो पर्याय का नाकारता?

सांजवात (डिचोली)

मास्तर, शंका रास्त आहे. दृष्टान्तात दोन स्वतंत्र विधाने बिंब आणि प्रतिबिंब अशी समोरासमोर उभी राहतात आणि त्यांच्यातले नाते वाचकाने जोडायचे असते. तुकोबा आधी ‘लहानपण देगा देवा’ म्हणतात आणि मग ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ असे सांगतात. मधे ‘जसे’ नाही, ‘तसे’ नाही. लव्हाळे आणि लहानपण यांची गाठ आपण मनात मारतो, आणि ती आपण मारली म्हणूनच ती ओळ इतकी पटते. स्टीफन्सच्या ओवीत गाठ कवीने स्वतः मारून दिली आहे. ‘जैसी’ व ‘तैसी’ काढून टाकून ओवी पुन्हा रचली, तर ती दृष्टान्ताच्या जवळ जाईल. म्हणजे इथे साम्यवाचक शब्द उपयोगी पडतो हे मी मान्य करते. फक्त तो वाक्यात काय काम करतो हे पाहिल्यावाचून त्याची साक्ष घेऊ नये.

पेडण्याचा वाचक

मी शिक्षक नाही. शाळेत असताना अलंकार मला कधी समजले नाहीत आणि पुढे एका उन्हाळ्यात आमच्याकडच्या मिठागरांशेजारून येता-जाता ते आपोआप समजले, म्हणून लिहीत आहे. आगरात मीठ काढून त्याच्या राशी घातलेल्या असतात आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांचा रंग दर थोड्या वेळाने पालटतो. एकाच दृश्यावर मी सगळी वाक्ये करून पाहिली.

‘मिठाच्या राशी पिंजलेल्या कापसासारख्या पांढऱ्या आहेत’ ही उपमा. रास वेगळी, कापूस वेगळा, दोन्ही आपापल्या जागी शाबूत, मधे साम्याचा पूल. ‘मिठाच्या राशी म्हणजे जणू दमून आगरात उतरलेले ढगच’ ही उत्प्रेक्षा. इथे मी क्षणभर कल्पना करतो की ते ढगच असावेत, पण नाहीत हे मला आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. ‘मिठाच्या राशी ही आमच्या आगरातली हिमशिखरे आहेत’ हे रूपक, कारण पूल काढून टाकला आणि दोघांना एकच केले. ‘ह्या मिठाच्या राशी नव्हेत, वाळत घातलेला समुद्र आहे’ ही अपन्हुती, कारण समोर असलेली वस्तू मी नाकारली आणि तिच्या जागी दुसरी बसवली. ‘हे मीठ म्हणावे की सांडलेले चांदणे?’ हा ससंदेह. आणि राशीला ढग समजून मोर खरोखरच नाचू लागला, तर तो भ्रांतिमान, कारण आता संशय उरला नाही, चूक होऊन बसली आणि तिच्यावर कृतीही झाली.

एवढी वाक्ये केल्यावर माझ्या लक्षात आले की अलंकारांची ही सारी नावे एका प्रश्नाची उत्तरे आहेत : बोलणारा त्या दोन वस्तूंना किती जवळ आणतो? शेजारी बसवतो, तात्पुरते एक मानतो, एकच करून टाकतो, की एकीला पुसून दुसरी ठेवतो?

आणि ताई, तुमचा ‘की’ पाहा. ससंदेहाच्या वाक्यात तो आलाच. आधीच्याच परिच्छेदात मी ‘लक्षात आले की’ असेही लिहिले, तिथे तो नुसता दोन वाक्ये जोडतो. तुमच्या ओवीत त्याचा अर्थ ‘किंवा’, जुन्या काव्यात कधी ‘जणू’. चार कामे करणाऱ्याला एकाच यादीत कसे कोंडणार?

आबोली (म्हापसा)

ताई, मी महाविद्यालयात शिकते आणि माझा प्रश्न कदाचित सोपा असेल. स्टीफन्स मराठीला इतर भाषांपेक्षा वरचढ ठरवतात. ‘एकापेक्षा दुसरे श्रेष्ठ’ म्हणजे व्यतिरेक असे आम्हाला शिकवले आहे. मग हा व्यतिरेक का नाही?

सांजवात (डिचोली)

आबोली, प्रश्न सोपा नाही, छान आहे. व्यतिरेकात उपमेय हे उपमानापेक्षा सरस ठरावे लागते. इथे उपमान हिरा आहे, आणि मराठी हिऱ्याहून तेजस्वी आहे असे कवी म्हणत नाही. हिऱ्याचे रत्नांमध्ये जे स्थान तेच मराठीचे भाषांमध्ये, एवढेच तो म्हणतो. इतर भाषा या ओवीत उपमान नाहीत, त्या उपमेयाच्याच बाजूला आहेत. कोण कोणाच्या बाजूला उभे आहे हे आधी ठरवले की गोंधळ मिटतो.

खरा व्यतिरेक पाहायचा असेल तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पाहा : ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।’ इथे उपमान अमृत आहे आणि मराठी बोल त्याला पैजेने हरवतात. विषय तोच, मराठीची थोरवी, पण स्टीफन्स तिला हिऱ्याच्या बरोबरीला नेऊन थांबतात आणि ज्ञानदेव अमृताच्याही पुढे नेतात. शिवाय उपमेच्या यादीतला ‘परी’ इथे ‘परि’ होऊन आला आहे आणि त्याचा अर्थ ‘परंतु’ आहे. यादी पाठ केलेला विद्यार्थी इथे दुसऱ्यांदा फसेल.

मांडवीकाठ (पणजी)

चर्चा साम्याच्या अलंकारांभोवती फिरते आहे. मला दुसऱ्या एका अडचणीकडे लक्ष वेधायचे आहे : काही संज्ञांचा अर्थ संस्कृत शास्त्रात एक आणि आपल्या शाळेत दुसरा असतो, आणि हे कोणी सांगत नाही.

यमक घ्या. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. तिथले यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. आपण मराठीत चरणांच्या शेवटी जुळणाऱ्या ध्वनीला यमक म्हणतो. दोन्ही वापर रूढ आहेत, पण संस्कृत टीका वाचायला घेतलेला मराठी विद्यार्थी पहिल्याच पानावर अडखळतो. अतिशयोक्तीचे तसेच. शाळेत आपण तिचा अर्थ फुगवून सांगणे एवढाच घेतो. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तिचा पहिला प्रकार असा आहे की उपमान उपमेयाला गिळून टाकते, उपमेयाचे नावच येत नाही. पेडण्याच्या मित्रांची शिडी इथे एक पायरी वर जाते : मीठ हा शब्दही न उच्चारता ‘आगरात हिमशिखरे उभी राहिली’ असे म्हटले की ती या अर्थाने अतिशयोक्ती झाली. रूपक या शब्दाची कथा तर तिहेरी आहे. अलंकार रूपक, नाटकाला दिलेले शास्त्रीय नाव रूपक (म्हणून धनंजयाचा ग्रंथ ‘दशरूपक’), आणि रूपककथेतले रूपक, जिथे सारी गोष्टच दुसऱ्या अर्थासाठी सांगितलेली असते.

यमकाचा विषय निघालाच आहे, तर ताईंनी दिलेल्या ओवीकडे पुन्हा पाहू. रत्नकिळा, निळा, चोखाळा असे तीन चरण जुळतात आणि चौथा आखूड चरण जुळणीबाहेर राहतो. ओवीची घडणच तशी आहे, पण त्या मोकळ्या जागी कवीने कोणता शब्द ठेवला ते पाहा : मराठी. लगेच पुढच्या ओवीत मोगरी, कस्तुरी, साजिरी आणि मग एकटे ‘मराठिया’. कान तिसऱ्या जुळणीपर्यंत सरावतो, चौथीची वाट पाहतो, आणि तिथे जुळणी न येता ते नाव येते. यमक ओळखा म्हटल्यावर आपण जुळलेले शब्द अधोरेखित करतो, न जुळलेल्याकडे पाहत नाही.

अनुप्रासाबद्दल एकच गोष्ट. बोरीच्या बाकीबाबांची, म्हणजे बा. भ. बोरकरांची, ‘गडद निळे गडद निळे जलद भरुनि आले’ ही ओळ अनुप्रासाचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते, आणि ती आहेच. ‘ग’, ‘ड’, ‘द’, ‘ळ’, ‘ल’ यांच्या आवर्तनातून ढगांचा जडपणा ऐकू येतो. पण पुढच्याच चरणात वाऱ्यांना शीतल तनू आणि चपल चरण मिळतात. अचेतनाला सजीवाचे गुण देणे म्हणजे चेतनगुणोक्ती, आणि ती तिथे अनुप्रासाच्या जोडीने नांदते. एका ओळीला एकच अलंकार असे परीक्षेचे रकाने शिकवतात. कविता तसे मानत नाही.

पेडण्याचा वाचक

मांडवीकाठ, रूपकाच्या निमित्ताने आमच्या भागाशी जोडलेल्या संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची आठवण झाली. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ यात ज्ञान दिव्यासारखे आहे असे ते सांगत बसत नाहीत. ज्ञान हाच दिवा, हे एका समासात उरकून ते थेट ‘मालवू नको’कडे जातात. रूपक एकदा मान्य केले की दिव्याची सारी क्रियापदे ज्ञानाला लागू होतात : लावणे, जपणे, मालवणे. उपमेत हे इतक्या सहज होत नाही.

रंगपट (काणकोण)

मी जत्रोत्सवातल्या नाटकांत अनेक वर्षे भूमिका करत आलो आहे, त्यामुळे रसाबद्दल थोडे लिहितो. खुणेच्या शब्दाचा रोग तिथेही आहे. कवितेत ‘दुःख’, ‘अश्रू’, ‘शोक’ यांपैकी एखादा शब्द दिसला की करुण रस, ‘तलवार’ दिसली की वीर रस.

भरताचे सूत्र विभाव (भावनेचे कारण), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी खूण) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणाऱ्या क्षणिक भावना) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते असे सांगते. त्यात रसाचे नाव उच्चारण्याला जागाच नाही. उलट पुढच्या शास्त्रकारांनी रस किंवा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली टिकाऊ भावना) त्याच्याच नावाने सांगून टाकणे हा दोष मानला आहे. स्वशब्दवाच्यत्व असे त्याला म्हणतात. रंगमंचावर उभा असलेल्या कोणालाही हे अनुभवाने कळते. आमच्या गावच्या एका नाटकात मूल गमावलेल्या आईचा प्रवेश होता. तालमीत त्या कलाकार ताई ‘माझ्या दुःखाला पार नाही’ हे वाक्य हुंदका देऊन म्हणत असत आणि समोर बसलेले आम्ही कोरडेच राहत होतो. शेवटच्या तालमीत दिग्दर्शकाने ते वाक्य काढून टाकले आणि त्यांना मुलाचा अंगरखा घडी घालायला सांगितला. त्यांनी घडी घातली, ती मनासारखी झाली नाही, उलगडली, पुन्हा घातली. तिसऱ्या घडीला मांडवात बसलेली पेटीवाल्याची म्हातारी आई उठून बाहेर गेली.

मूल गेलेले हा विभाव, घडी घालणारे हात हा अनुभाव, हात मधेच थांबतो तेव्हा डोकावणारी आठवण हा व्यभिचारी भाव. शोक हा स्थायीभाव कोणीही तोंडाने बोलले नाही. नाट्यशास्त्रात रस आठ, आणि शान्त हा नववा नंतरच्या आचार्यांनी धरला, ही माहिती मुलांना पाठ असते. पण संयोग कसा होतो हे एका प्रवेशावर उलगडून दाखवले तर आकड्याची फारशी गरज पडत नाही.

जुना मास्तर (फोंडा)

रंगपट, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकलो नाही.

शब्दशक्तींबद्दल, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो त्याबद्दल, लिहितो, कारण जिथे खुणेचा शब्द मुळीच नसतो अशी ती जागा आहे. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, तिथे थांबायला नको. लक्षणेसाठी, म्हणजे सरळ अर्थ अडल्यावर त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्यासाठी, शास्त्रात ‘गंगायां घोषः’ हे उदाहरण आहे : गंगेवर गवळवाडा आहे. प्रवाहावर वस्ती कशी असेल? म्हणून अर्थ ‘गंगेच्या काठावर’ असा घ्यायचा. मी मुलांना ‘कला अकादमी मांडवीवर आहे’ हे वाक्य देतो. कांपालला जाऊन आलेले प्रत्येक मूल ते वाक्य न अडखळता समजते, आणि आपण लक्षणा वापरली याचा त्याला पत्ता नसतो. मग मम्मटाच्या तीन अटी लावून पाहतो. मूळ अर्थ अडतो, कारण इमारत पाण्यावर तरंगत नाही. काठाचा नदीशी संबंध आहे. आणि ‘काठावर’ न म्हणता ‘मांडवीवर’ म्हणण्यात काही हेतू आहे : नदीचा गारवा, तिचे सान्निध्य त्या शब्दातून इमारतीला मिळते. जिथे असा हेतू उरलेला नसतो तिथे नुसती रूढी असते. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत नीट खुडणारा, हे आज कोणाच्या मनातही येत नाही.

व्यंजनेचे, म्हणजे न बोलता सुचणाऱ्या अर्थाचे, प्रसिद्ध उदाहरण ‘सूर्य मावळला’ हे आहे. गुराख्याला त्यातून गुरे वळवायची वेळ कळते, ब्राह्मणाला संध्येची, प्रियकराला भेटायला जाणाऱ्या अभिसारिकेला निघण्याची. दिवाडी बेटावर राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात याचे जे रूप सांगितले ते मी तेव्हापासून वापरतो : ‘शेवटची फेरीबोट निघेल आता.’ पाहुणा हे बोलला तर तो निरोप घेतो. यजमान बोलला तर त्याला पाहुण्याने उठावे असे वाटते, किंवा उलट, बोट चुकली तर राहा असे तो सुचवतो. आईने मुलाला म्हटले तर ‘आवर लवकर’. आणि नुकतेच भांडलेल्या दोघांपैकी एकाने खिडकीबाहेर पाहत म्हटले तर त्याचा अर्थ ‘मी जाऊ की थांबू, ते तू सांग’ असा होतो. शब्द तेच, वाच्यार्थ तोच. वक्ता, श्रोता आणि प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ पालटतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त या अर्थाला काव्याचा आत्मा म्हटले, ते त्या मुलीच्या वाक्यावरून मला पुन्हा एकदा कळले.

आबोली (म्हापसा)

प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरकही कोणी सांगेल का? समीक्षेच्या पुस्तकांत दोन्ही शब्द येतात.

मांडवीकाठ (पणजी)

थोडक्यात सांगतो. प्रतिमा इंद्रियांना जाणवणारे चित्र उभे करते. ओल्या लाल मातीचा वास हीसुद्धा प्रतिमा आहे, कारण प्रतिमा डोळ्यांपुरती नसते. प्रतीक ही अशी वस्तू की जी कवितेत स्वतः पूर्णपणे असते आणि तरीही वारंवार आपल्यापलीकडच्या काही अर्थाकडे नेते. एखाद्या कवितेत तुळशीवृंदावन एकदाच येऊन अंगणाचे चित्र पुरे करत असेल तर ती प्रतिमा. तेच वृंदावन घर रिकामे होत जाताना पुन्हा पुन्हा येत असेल, आणि दर खेपेला अधिक काही बोलत असेल, तर ते प्रतीक होऊ लागले. इथेही वस्तूचे नाव पाहून निर्णय करता येत नाही, तिचा त्या कवितेतला वावर पाहावा लागतो.

सांजवात (डिचोली)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत की मी हा सारा धागा भाचीला वाचून दाखवला. पेडण्याच्या वाचकांची मिठाची वाक्ये तिने वहीत उतरवून घेतली आणि त्यांच्याखाली स्वतःची चार वाक्ये आमच्या अंगणातल्या पागोळ्यांवर केली. त्यांतली दोन चांगली आहेत.

मग तिने ती ओवी स्वतःहून पुन्हा वाचली आणि मला विचारले, ‘मावशी, पहिल्या चरणात नुसते रत्न का नाही? किळा का?’ कीळ म्हणजे तेज, झळाळी, हे मी तिला सांगितले होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती उठली, सुपातल्या तांदळात आपल्या कानातली खड्याची कुडी टाकली आणि सूप दिव्याखाली धरून हलवले. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘कुडी दिसत नाही. आधी चमकते, मग कुठे आहे ते कळते.’